आधी कुणाकडं?

लातूरच्या औसा नाक्यावर हुस्ना बसमधून उतरली आणि समोरच्या भिंतीवर स्वतःलाच हसताना पाहून जागच्या जागी थबकली. फोटो तिचाच होता. फोटोग्राफरनं सहा वेळा "बाजी, जरा हसा" म्हणून विनवलं होतं आणि सातव्या वेळी ती वैतागून हसली होती. तेच वैतागलेलं हसू आता हातभर रुंद होऊन फ्लेक्सवर झळकत होतं. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'आखाती नर्सिंग परवाना परीक्षेत घवघवीत यश! शिवमूर्ती सरांचा क्लास म्हणजे रिझल्टची खात्री!'

हुस्ना नापास होऊन सहा दिवस झाले होते. तेही दुसऱ्यांदा.

पूर्वी लातूर म्हटलं की बाहेरगावचे लोक भूकंपाचं विचारायचे. सोळा वर्षांत गावानं असं काही अंग झटकलं की आता रिझल्टचं विचारतात. दहावीचा क्लास, बारावीचा क्लास, डॉक्टरकीचा क्लास, आणि अलीकडे आखातात जाणाऱ्या नर्सांचाही. क्लास निवडायची पद्धत मात्र सगळ्यांची एकच. बोर्डावर चेहरे किती ते मोजायचे, 'रिझल्ट किती?' म्हणून विचारायचं आणि फॉर्म भरून टाकायचा. परीक्षेला बसले किती, हे विचारणं लातुरात अपशकुन समजतात. हुस्नानंही विचारलं नव्हतं. तीही शेवटी इथलीच.

तिचा नवरा मुज्तबा नऊ वर्षं मस्कतला एसी दुरुस्त करत होता. त्याच्या पगारात बायको-पोरीला तिकडे ठेवायची परवानगी बसत नव्हती. दोन वर्षांतून एकदा यायचा, महिनाभर राहायचा, आणि पोरगी त्याला सरावायच्या आत परत जायचा. पण तिथल्या दवाखान्यात नर्सला कुटुंबासाठी क्वार्टर मिळत होतं. हुस्ना ती परीक्षा पास झाली असती तर तिघं एका छपराखाली आली असती. परीक्षा तीनदाच देता येत होती आणि पस्तिशीच्या आत. हुस्नाला चौतीस पूर्ण होऊन पाच महिने झाले होते आणि एकच संधी उरली होती.

ती तरातरा जिना चढून क्लासात गेली. शिवमूर्ती सर टेबलामागे बसून उसाचा रस पीत होते.

"सर, माझा फोटो कसा काय लावला?"

"अहो सिस्टर, फ्लेक्स रिझल्टच्या आधीच छापायला द्यावा लागतो. नंतर प्रेसमधी नंबर लागत न्हाई. सगळ्या बॅचचे फोटो टाकून दिले. तुम्ही पास होणार, अशी आमची खात्री होती!"

"पण मी झाले न्हाई ना."

"आता खात्री तर आमची खरी होती का न्हाई?" सर मनापासून म्हणाले. या माणसाचा राग यावा तर तोंड इतकं भाबडं की राग कुठं ठेवावा ते कळेना. "काढतो. दोन दिवसांत काढतो. आन् तिसरी बॅच तुम्हाला आमच्याकडून तशीच, बिनफीची. पुस्तिकाच पाठ करायची आहे फक्त. आठशे प्रश्न, उत्तराचं अक्षर ध्यानात ठेवायचं. एवढंच तर काम हाय."

ती मागे वळली तर दारात एक पोरगी हातात फॉर्म आणि प्लास्टिकची फाइल घेऊन उभी होती. विशीची असेल. कडक इस्त्रीचा ड्रेस, एसटीत बसून चुरगळलेला.

"तुम्ही त्याच ना, बोर्डावरच्या?" पोरीचे डोळे चमकले. "मी उमादेवी. हदगावहून आलेय. नांदेडात ड्यूटी करते, पण वडील म्हणले, लातूरलाच क्लास लाव. ताई, क्लास चांगला हाय का?"

शिवमूर्ती सरांनी ग्लास खाली ठेवला. हुस्नाला वाटलं, आत्ता सांगावं. पण सांगायचं म्हणजे 'मी नापास' हे या कोवळ्या पोरीसमोर, सरांसमोर, बाकांवर बसलेल्या चाळीस जणींसमोर बोलायचं.

"हाव," ती म्हणाली. "चांगला हाय."

आणि पळत सुटावं तशी जिना उतरली.

औशाला घरी पोचली तर दारातच पेढ्यांचा रिकामा पुडा. तिची आई सुलतानबी सगळ्या गल्लीत वाटून आली होती. कुणीतरी लातूरहून येऊन बोर्डाची बातमी दिली होती, आणि सुलतानबीला बातमी पुरे होते, खातरजमा ती नंतर करते. "अगं, आम्हाला सांगायचं तरी!" तिनं हुस्नाच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "मुज्तबाला बी फोन लावला मी. रडला गं तो. साहेबाला क्वार्टरचं विचारून ठिवतो म्हणला."

हुस्ना मटकन खाली बसली. आता बोलावं की मग बोलावं, या विचारात तिनं पाण्याचा पेला दोनदा भरला आणि दोनदा मोरीत ओतला. तेवढ्यात तूबा आतून आली. नऊ वर्षांची, अंगानं बारीक, बोलायला त्याहून बारीक. तिनं शाळेचं दप्तर रिकामं करून त्यात दोन फ्रॉक, कंगवा आणि अब्बांनी धाडलेली न वापरलेली रंगपेटी भरली होती. दप्तराच्या खिशात क्लासचं पत्रक होतं आणि त्यातला आईचा फोटो तिनं कात्रीनं नीट कापून घेतला होता.

"कधी जायचं?" तिनं विचारलं.

"जाऊ," हुस्ना म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

गेल्या सहा महिन्यांत ड्यूटी, क्लास आणि शेवटची बस यांतून ती घरी यायची तेव्हा तूबा झोपलेली असायची. पोर कधी कटकट करत नव्हती, म्हणून हुस्ना अल्लाचे आभार मानायची. हुस्नानं विचारलं, अब्बांनी फोनवर विचारलं, तरी तूबाचं एकच उत्तर ठरलेलं, "मेरेकू कुच नई हुआ. मैं अच्छी हूं." आणि फोन आईच्या हातात.

दुसऱ्या दिवसापासून हुस्नाच्या पायाला भिंगरी लागली. शिवमूर्तीकडे पाऊल टाकायचं नाही, हे नक्की. दुसरा क्लास शोधायचा, तिसऱ्यांदा बसायचं, पास व्हायचं, मग खोट्याचं आपोआप खरं होईल आणि कुणाला काही सांगायलाच नको. हिशेब सोपा होता. आठवड्याची सुट्टी आली की ती नांदेडची बस धरायची.

पहिल्या क्लासात 'पास होण्याची लेखी हमी' भिंतीवर फ्रेम करून लावलेली. मास्तरांनी पुस्तिका पुढे केली. कव्हर निळं, पण आत उघडलं तर पान न् पान शिवमूर्तींचंच. प्रश्न दोनशे बारा, उत्तर 'क'. तिला तोंडपाठ होतं. वेळ जात नव्हता म्हणून तिनं 'क' काय आहे ते वाचलं, आयुष्यात पहिल्यांदा. पोटॅशियमचं इंजेक्शन, न मिसळता, सरळ शिरेतून एकदम द्यावे.

हुस्नानं ती ओळ पुन्हा वाचली. वॉर्डातली नवखी पोरगीसुद्धा जाणते की असं दिलं तर पेशंटचं काळीज जागेवर थांबतं. बारा वर्षं ड्यूटी केलेली बाई हे 'क, क' म्हणून सहा महिने घोकत होती. नापास झाले ते बरंच झालं, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

दुसरीकडे क्लासच नव्हता. एक गोड बोलणारा माणूस होता आणि त्याच्याकडे वरपर्यंत ओळख होती. "परीक्षा आमचा माणूस देईल. तुम्ही फक्त मूळ प्रमाणपत्रं ठेवून जा." तिनं पिशवीतून फाइल काढलीसुद्धा. त्यानं ती कोपऱ्यातल्या ढिगावर ठेवली. ढिगात वीसेक फायली होत्या आणि वरच्यांवर धूळ बसलेली. त्या बायका आपल्या मूळ कागदांवाचून कुठं हेलपाटे घालत असतील, हे डोळ्यांसमोर आलं तशी हुस्नानं झडप घालून फाइल उचलली. "अहो, विश्वास ठेवा की," असं तो मागून म्हणत राहिला. ती चपला हातात घेऊनच रस्त्यावर आली.

परतीच्या बसमधून नांदेडच्या भिंती सरकताना तिला एक चेहरा ओळखीचा वाटला. जाड काड्यांचा चष्मा, कपाळावर भस्माची रेघ. 'मंजुश्री, शिरूर अनंतपाळ'. हीच पोरगी शिवमूर्तींच्या बोर्डावर तिच्या शेजारी होती, आणि इथं हमीवाल्याच्याही बोर्डावर होती. दोन क्लास जिच्यावर हक्क सांगतात ती निदान खरी पास झालेली असावी, असं हुस्नाला वाटलं. आजवर ती बोर्डावरची अक्षरं वाचत आली होती, आता माणूस शोधायचं ठरवलं.

पुढच्या सुट्टीला ती शिरूर अनंतपाळला गेली. मंजुश्रीचं घर पहिल्याच किराणावाल्यानं दाखवलं. तिची आई कस्तुराबाई अंगणात डाळ वाळत घालत होती.

"पास झाली की. कुवेतला हाय ती. पर त्या क्लासाचं काय सांगू बाई, चार दिवस गेली आन् पाचव्या दिवशी उठून आली. फोटो मातर त्यांनी ठिवून घेतला. ते दुसरं नांदेडवालं तर आम्हाला ठावंच न्हाई." कस्तुराबाईनं हातातली डाळ झटकली. "शिकली ती गंगम्मा सिस्टरकडं. नांदेडात, वजिराबादच्या मागं. बोर्ड-बिर्ड न्हाई तिचा. आठांच्या वर पोरी घेत न्हाई. आन् लई तिखट हाय, सांगून ठिवते."

त्याच्या पुढच्या सुट्टीला हुस्नानं तिच्या दारात उभं राहून नाव, गाव, दोनदा नापास, सगळं सांगितलं. गंगम्मा मूळची उदगीरची. चाळीस वर्षं वॉर्डात आणि नर्सिंग शाळेत काढून निवृत्त झालेली. गळ्यात इष्टलिंगाचा चांदीचा करंडा आणि मनगटावर अजूनही सेकंदकाट्याचं घड्याळ. तिनं हुस्नाला बस म्हटलं नाही.

"किती जणी पास होतात, विचार."

हुस्ना गोंधळली. "किती जणी?"

"गेल्या साली सात बसल्या, चार झाल्या. तिघींची नावं बी सांगते, जाऊन विचार त्यांना. आता माझं ऐक. चार पेशंट हायत. एक पाय मोडून ओरडून राहिला. एकाला ताप. एकीचं ड्रेसिंग सुटलंय. एक पोट धरून गप बसलाय, म्हणतो मी बरा हाय. आधी कुणाकडं जाशील?"

"ड," हुस्ना बोलून गेली.

"ड? ड नाव हाय का पेशंटचं?" गंगम्मा कडाडली. "बरोबर आलंय तुझं. पर का, ते सांग."

हुस्नानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. उत्तर तिला ठाऊक होतं. का, तेही ठाऊक होतं, आणि म्हणूनच तोंड उघडत नव्हतं.

"भूकंपात होतीस ना ड्यूटीला? तुझ्या वयाच्या लातूरच्या सगळ्या पोरी होत्या."

"होते. पहिल्या वर्षाला." मग सोळा वर्षांत कुणालाच न सांगितलेलं तिनं उभ्या उभ्या सांगितलं. सकाळ झाली होती, दवाखान्याच्या पटांगणात ट्रकमधून माणसं उतरवत होते. एक बाई हात मोडून किंचाळत होती. तिच्याशेजारी भिंतीला टेकून तिची आठ-नऊ वर्षांची पोरगी बसली होती, अंगावर गणपतीतला नवा फ्रॉक. अठरा वर्षांची हुस्ना आधी त्या पोरीसमोर वाकली होती. पोरगी म्हणाली, "मला काय न्हाय झालं. आईला बघा." हुस्नानं बघितलं आईला. हात बांधला, धीर दिला. परत वळली तेव्हा पोरगी तशीच भिंतीला टेकून होती, ओठ पांढरे. आत पोटात रक्त साचत होतं. तिनं एकदाही हाक मारली नव्हती.

"मी तिचं ऐकलं, सिस्टर," हुस्ना म्हणाली आणि ओढणीत तोंड खुपसून रडली.

गंगम्मानं आता तिला बसवलं. पाणी दिलं. मग म्हणाली, "तू नापास झालीस हे कुणाकुणाला ठावं हाय?"

"सरांना. आता तुम्हाला."

"आन् बाकी?"

हुस्नानं पेढे सांगितले, मुज्तबा सांगितला, उमादेवी सांगितली. शेवटी दप्तरही सांगितलं.

"वॉर्डात डोस चुकला तर काय करतीस?"

"आधी रिपोर्ट बुकात लिहायचं. मग पुढचं औषध."

"मग? लिहून ये जा. त्याच्याबिगर मी पुढचा डोस देत न्हाई. जागा एक हाय, सोमवारपर्यंत ठिवते." गंगम्मा उठली. दारापर्यंत येऊन तिनं विचारलं, "आन् आधी कुणाकडं जाशील?"

औशाची बस चार तास घेते. हुस्ना खिडकीशी बसून सगळ्यांना रांगेत लावत होती. आई गल्लीत तोंड दाखवायची पंचाईत म्हणून आकांत करील. मुज्तबा साहेबाशी बोलून बसलाय, तो फोनवर गप्प होईल किंवा ओरडेल. शिवमूर्ती सर आरडाओरडा करतील. ज्यांचा आवाज मोठा त्यांचीच तिला भीती वाटत होती आणि इतके दिवस ती त्यांच्याच मागे धावत होती. अहमदपूर गेलं तेव्हा तिला कळलं कुणाकडं जायचं ते.

घरी पोचल्यावर सुलतानबीनं दारातच काहीतरी विचारलं. हुस्ना तिला ओलांडून आत गेली. तूबा पलंगावर बसून गृहपाठ करत होती. दप्तर भरलेलंच, भिंतीशी. वह्या-पुस्तकं ती पंधरा दिवस कापडी पिशवीतून शाळेत नेत होती.

हुस्ना तिच्यासमोर खाली फरशीवर बसली. "बेटा, मी पास न्हाई झाले. बोर्डवर चुकीचं लिवलंय. मला ठाऊक होतं आणि मी तुला सांगितलं न्हाई. आपण इतक्यात न्हाई जात आहोत. मी अजून एकदा परीक्षा देणार. तेव्हा बी होईन का, मालूम न्हाई."

तूबानं पेन्सिल वहीत ठेवली. वही मिटली. मग दप्तर ओढून घेतलं आणि त्यातून एकेक फ्रॉक काढून घडी न मोडता पलंगावर ठेवू लागली.

"तूबा?"

"मेरेकू कुच नई हुआ," तूबा म्हणाली.

भाषा वेगळी, वाक्य त्या भिंतीला टेकलेल्या पोरीचंच. सहा महिने नाही, बोलायला लागल्यापासून ही पोर हे सांगत होती आणि हुस्ना ते खरं मानत होती. ती उठली नाही. तिनं तूबाचे दोन्ही हात धरले.

"खोटं," ती म्हणाली. "सांग. मी कुठं जात न्हाई."

तूबा आधी हात सोडवू लागली. मग ती अशी रडली की सुलतानबी धावत आली आणि दारातच थांबली. शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मैत्रिणीला रंगपेटी द्यायचं कबूल केलं होतं. अब्बांचा आवाज फोनवर कळतो पण तोंड आठवत नाही, आणि तिथं गेल्यावर अब्बा समोर आले आणि आपण ओळखलं नाही तर? हे सगळं हुंदक्यांमधून तुकड्या-तुकड्यांनी आलं. हुस्नानं मधे एक शब्द घातला नाही.

त्यानंतरचं सोपं होतं, म्हणजे वाटलं होतं त्याहून सोपं. सुलतानबीनं कपाळावर हात मारला, दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच गल्लीत सांगून आली. मुज्तबानं फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सहा वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली होती, चार महिने. मी बी सांगितलं न्हाई तुला."

शनिवारी हुस्ना शिवमूर्तींच्या क्लासात गेली. चाळीस जणी एका सुरात अक्षरं घोकत होत्या. ती फळ्यापुढे उभी राहिली.

"मी बोर्डावरची हुस्ना. या क्लासात शिकून मी दोनदा नापास झाले. प्रश्न दोनशे बारा काढा आणि 'क' काय हाय ते वाचा. आपण नर्सा आहोत, वाचा तरी."

पानं फडफडली. शिवमूर्ती सर "सिस्टर, अहो सिस्टर" करत आले. मागच्या बाकावर उमादेवी उभी राहिली होती, चेहरा लाल झालेला.

"तुम्हीच सांगितलं होतं चांगला हाय म्हणून!"

"हाव," हुस्ना म्हणाली. "खोटं बोलले. माफ कर. सर, हिची मूळ कागदपत्रं ठिवून घेतली असतील तर आत्ता द्या."

सोमवारी दोघी वजिराबादच्या मागच्या गल्लीत उभ्या होत्या. गंगम्मानं दोघींना न्याहाळलं. "जागा एकच म्हणले होते," ती कुरकुरली आणि आतून आणखी एक सतरंजी घेऊन आली.

हैदराबादला हुस्ना तिसऱ्यांदा कॉम्प्युटरपुढे बसली तेव्हा पाठ केलेलं एकही अक्षर तिच्याजवळ नव्हतं. प्रत्येक प्रश्नात ती आधी माणूस शोधायची. निकाल आला. ती झाली. उमादेवी चार गुणांनी राहिली, खूप रडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गंगम्माच्या सतरंजीवर जाऊन बसली.

मस्कतच्या विमानासाठी मायलेकी निघाल्या ती मुंबईची बस लातूरवरून जाते. औसा नाक्यावर सिग्नलला थांबली तेव्हा तूबानं काचेला नाक लावलं. फ्लेक्स तिथंच होता, तीच लाल अक्षरं. मंजुश्रीच्या शेजारी आता कुण्या मिशीवाल्या तरुणाचा फोटो.

"अम्मी, तू नापास होतीस तेव्हा तुझा फोटो होता. आता पास झालीस तर काढला?"

"हाव," हुस्ना म्हणाली आणि मनापासून हसली.

गाडी निघाली. तूबानं दप्तर मांडीवरून खाली ठेवलं आणि आईच्या कुशीत सरकली.

"अम्मी," ती म्हणाली, "मला पोटात कसंतरी होऊन राहिलं."

"कुठं?" हुस्नानं विचारलं, आणि तिच्याकडे पूर्ण वळून बसली. "दाखव."